बाथरूममधली वीज: एमसीबी असूनही करंट का लागतो?

थंडी पडली की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक बातमी येतेच. गिझरचा, नाहीतर पाणी तापवायच्या रॉडचा शॉक लागून कुणीतरी दगावलेलं असतं आणि खाली एका ओळीत कारण दिलेलं असतं: शॉर्ट सर्किट. वाचणारा मनाशी म्हणतो, आपल्याकडे एमसीबी (प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) बसवलाय, आपल्याला काय भीती?

गोम इथेच आहे. शॉर्ट सर्किट म्हणजे फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (ती परत नेणारी तार) एकमेकांना थेट चिकटणं. तसं झालं तर क्षणात शेकडो अँपिअर वाहतात, एमसीबी खटकन पडतो आणि घरात अंधार होतो. बाथरूममध्ये माणूस दगावतो तो बहुधा याच्या उलट प्रकाराने. वीज थोडीशीच गळत असते, एमसीबीला तिचा पत्ताही लागत नाही आणि ती गळती माणसाच्या अंगातून जमिनीत उतरते.

म्हणून बाथरूमच्या वायरिंगचा विचार करताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. वायर जळू नये म्हणून काय करायचं, हा एक. माणसाला शॉक लागू नये म्हणून काय करायचं, हा दुसरा. दुकानात आणि साइटवर सगळी चर्चा पहिल्याच प्रश्नाची होते: कुठल्या कंपनीची वायर, किती एमएमची. दुसऱ्याचं नाव निघतं ते बजेट संपल्यावर.

## तीन तारा आणि एक चिरलेली नळी

घरातल्या प्रत्येक मोठ्या सॉकेटमागे तीन तारा असतात. फेजमध्ये २३० व्होल्टचा दाब असतो. वीज फेजने येते, उपकरणातून फिरते आणि न्यूट्रलने परत जाते. तिसरी हिरवी तार अर्थिंगची. तिच्यातून एरवी काहीच वाहत नाही. तिचं एक टोक गिझरच्या पत्र्याच्या अंगाला आणि दुसरं इमारतीखाली पुरलेल्या पाइपला किंवा पट्टीला जोडलेलं असतं.

आता गिझरच्या आत पाहा. पाणी तापवणारी कॉइल म्हणजे धातूच्या नळीत बसवलेली तार. तार आणि नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासून भरलेली असते. ती उष्णता जाऊ देते, वीज अडवते. बोअरचं जड पाणी असेल तर या नळीवर क्षारांचा जाड थर बसतो, नळीची उष्णता पाण्यात नीट जात नाही, ती जास्त तापते, गंजते आणि एक दिवस चिरते. पाणी आत शिरतं आणि वीज पाण्यात आणि टाकीच्या पत्र्यात उतरते. गंमत म्हणजे गिझर तेव्हाही पाणी तापवतच असतो. काही बिघडलंय हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

## ओल्या अंगाचं गणित

विजेच्या वाटेतल्या अडथळ्याला रोध म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. कोरड्या हाताच्या कातडीचा रोध हजारो ओहम असतो, कधी लाखाच्याही घरात जातो. म्हणून दिवाणखान्यात एखादं बटण चावलं तर आपण हात झटकून शिवी हासडतो आणि विसरून जातो. साबणाचं पाणी अंगावर, पाय ओल्या फरशीवर आणि हात नळावर असेल तर हाच रोध हजार ओहमच्या आसपास येतो. २३० व्होल्टला १००० ने भागा: ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर.

हा आकडा किती मोठा आहे? साधारण १ मिलिअँपिअरला मुंग्या आल्यासारखं वाटतं. १० च्या पुढे हाताचे स्नायू असे आखडतात की धरलेली वस्तू सोडता येत नाही. ३० च्या पुढे श्वास अडखळायला लागतो. ५० ते १०० मिलिअँपिअर सेकंदभर छातीतून गेले तर हृदयाचा ठोका बिघडून ते नुसतं थरथरत राहू शकतं. २३० मिलिअँपिअरमध्ये काय होईल हे सांगायला नको.

आणि गिझरच्या लाइनचा एमसीबी असतो १६ किंवा २० अँपिअरचा. १६ अँपिअर म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. माणसाचा जीव घेणारा प्रवाह त्याचा जेमतेम सत्तरावा हिस्सा. एमसीबीच्या दृष्टीने त्या क्षणी घरात एखादा बल्ब लागला आहे, इतकंच. तो पडत नाही आणि त्याचा तो दोषही नाही. वायर तापून जळू नये एवढ्याचसाठी त्याची रचना केलेली असते.

## मग माणसाला कोण वाचवतं?

त्यासाठी वेगळं उपकरण आहे: आरसीसीबी. दुकानदार त्याला सवयीने ईएलसीबी म्हणतात. दिसायला एमसीबीसारखाच, थोडा रुंद, आणि त्यावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेलं छोटं बटण असतं.

लग्नाला भाड्याची भांडी आणतो तेव्हा दुकानदार ती मोजून देतो आणि मोजून परत घेतो. तीनशे ताटं गेली आणि दोनशे नव्याण्णव आली तर ते एक ताट कुठे गेलं याच्याशी त्याला घेणंदेणं नसतं, हिशेब तिथेच अडतो. आरसीसीबी हेच करतो. फेजने किती वीज गेली आणि न्यूट्रलने किती परत आली, हे तो अखंड मोजत असतो. दोन्हींत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढी वीज भलत्याच वाटेने जमिनीत गेली, की तो लाइन तोडतो. नियमाप्रमाणे सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत, आणि गळती मोठी असेल तर त्याहून कितीतरी लवकर.

घेताना एका गोष्टीत हमखास घोळ होतो. डबीवर दोन आकडे असतात. २५, ४० किंवा ६३ अँपिअर हा आकडा म्हणजे त्या डबीतून एकूण किती वीज जाऊ शकते. आपल्या कामाचा आकडा दुसरा: ३० मिलिअँपिअर. बाजारात १०० आणि ३०० मिलिअँपिअरचेही मिळतात. ते गळतीमुळे आग लागू नये म्हणून मोठ्या लाइनवर लावतात. मोठा आकडा म्हणजे जास्त चांगला, असं इथे नाही. माणसासाठी ३०च.

आरसीसीबीच्याही मर्यादा आहेत. प्लास्टिकच्या स्टुलावर उभं राहून कुणी एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला तर गेलेली सगळी वीज परत येते, हिशेब जुळतो आणि तो पडत नाही. लाइनवर जास्त भार आला तरी त्याला कळत नाही, म्हणून एमसीबी लागतोच. दोन्ही एकाच डबीत हवे असतील तर आरसीबीओ नावाचं उपकरण मिळतं. फक्त गिझरच्या लाइनसाठी मला तो सगळ्यात सोयीचा वाटतो.

## ‘आमच्याकडे अर्थिंग आहे की!’

हा आक्षेप हमखास येतो आणि तो अर्धा बरोबर आहे. अर्थिंग चांगलं असेल तर गिझरमधली गळती हिरव्या तारेने जमिनीत जाते, तुमच्या अंगातून जावं लागत नाही. प्रश्न आहे तो ‘चांगलं’ या शब्दाचा.

समजा गळती जमिनीतून परत जाण्याच्या वाटेचा एकूण रोध ५ ओहम आहे. हे उत्तम अर्थिंग झालं. २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर वाहतील. घरात सहसा वापरतात तो सी प्रकारचा १६ अँपिअरचा एमसीबी तत्काळ पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. ४६ ला तो पडेल, पण तापून, काही सेकंदांनी. आता रोध ५० ओहम धरा. ४.६ अँपिअर वाहतील. एमसीबी कधीच पडणार नाही. गिझर आणि नळाच्या लोखंडी जोडण्या मात्र जिवंत राहतील, आणि वर मीटर पळत राहील.

आपल्याकडे ५० ओहम ही काही नवलाची गोष्ट नाही. दख्खनच्या कातळात आणि मुरमात चांगलं अर्थिंग मिळणं मुळातच अवघड. अर्थिंगचा पाइप पुरलेल्या मीठ-कोळशाच्या खड्ड्यात उन्हाळ्यात कुणी पाणी घालत नाही, मातीचा ओलावा जातो आणि रोध चढतो. जुन्या इमारतींत तर खड्ड्यापर्यंत जाणारी पट्टी गंजून तुटलेलीही सापडते.

इथे आरसीसीबीची खरी किंमत कळते. रोध ५० काय, हजार ओहम असला तरी २३० मिलिअँपिअर गळतीने तो पडतो. कच्च्या अर्थिंगलाही तो सांभाळून घेतो. आणि अर्थिंग मुळीच नसलं तर? तरीही पडतो, पण तुमचा हात लागल्यावर, तुमच्या अंगातून वीज गेल्यावर. झटका बसेल, बहुधा वाचाल. अर्थिंग असेल तर गळती सुरू होताच पडेल, तुम्ही तेव्हा स्वयंपाकघरात असाल. म्हणून दोन्ही हवेत, एकाच्या बदल्यात दुसरं चालत नाही.

अर्थिंग तपासायची आपल्याकडची लाडकी पद्धत म्हणजे फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून पाहणे. तो लखलखीत पेटला की ‘अर्थिंग एक नंबर’ असा निकाल लागतो. शंभर वॅटच्या पेटलेल्या बल्बचा स्वतःचाच रोध ५०० ओहमच्या वर असतो. त्यापुढे अर्थिंगचे ५० ओहम म्हणजे चिल्लर. बल्बला दोनशेच्या वर व्होल्ट मिळतात आणि तो झकास पेटतो. तार जोडलेली आहे एवढंच यातून कळतं. रोध मोजायला अर्थ टेस्टर लागतो, आणि तो वायरमनकडे नसेल तर ज्याच्याकडे आहे अशाला बोलवावं.

याहून वाईट दोन जुगाड आहेत. पहिला, अर्थिंग नाही म्हणून सॉकेटमध्येच न्यूट्रलची तार अर्थच्या पिनला जोडून देणे. मागे कुठे न्यूट्रल सुटला की गिझरचं सगळं अंग २३० व्होल्टवर जातं, गिझरमध्ये काहीही बिघाड नसताना. दुसरा, नळाच्या लोखंडी पाइपला अर्थिंग जोडणे. मधला एखादा पाइप प्लास्टिकचा असला की ती वीज जमिनीत न जाता वरच्या-खालच्या मजल्यांच्या नळांवर जाते. ‘आमच्या नळाला मुंग्या येतात’ अशी तक्रार शेजारच्यांकडून आली तर तिला हसू नका.

## आता वायर

इथे मोजमाप सोपं आहे. १५ ते २५ लिटरचा साठवणीचा गिझर साधारण २००० वॅटचा असतो, तो ९ अँपिअरच्या आत घेतो. तीन लिटरचा इन्स्टंट गिझर ३००० वॅटचा, म्हणजे १३ अँपिअर. काही इन्स्टंट गिझर ४५०० वॅटचे असतात. ते २० अँपिअरच्या जवळ जातात, त्यामुळे ते १६ अँपिअरच्या सॉकेटवर लावायचेच नसतात.

तारेत तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते: प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट. १३ अँपिअरचा गिझर बोर्डापासून १५ मीटरवर असेल आणि दीड एमएमची (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर छेदाची) तांब्याची वायर टाकली असेल, तर जाऊन-येऊन त्या तारेत साठेक वॅट नुसते उष्णतेत जातात, भिंतीतल्या बंद पाइपात. चार एमएमच्या वायरमध्ये हेच वीस-पंचवीस वॅट. दोन हजार वॅटच्या गिझरला अडीच एमएम पुरते. पण भिंत एकदाच फोडायची असते आणि उद्या गिझर मोठा येतो, म्हणून नवं काम असेल तर बोर्डापासून थेट चारची स्वतंत्र लाइन टाकून घ्यावी, मध्ये दुसरं काहीही न जोडता. बाथरूमचा दिवा आणि एक्झॉस्ट फॅन दीडवर आरामात चालतात.

हिरवी तार फेजच्याच जाडीची असावी. फेज चारची आणि अर्थ एकची, हा काटकसरीचा प्रकार सर्रास चालतो. बिघाडाच्या वेळी सगळा प्रवाह त्याच बारीक तारेतून जाणार असतो, हे तेव्हा कुणी लक्षात घेत नाही.

वायरच्या खोक्यावर आयएसआयचा शिक्का आणि आयएस ६९४ हा क्रमांक पाहा. एफआर, एफआरएलएस ही अक्षरं वायर पेट घ्यायला किती वेळ लावते आणि जळताना किती धूर करते याबद्दल असतात. चांगलीच गोष्ट आहे, पण तिचा शॉकशी संबंध नाही. महागातली एफआरएलएस घेतली म्हणजे आरसीसीबीची गरज संपली, असं ऐकलंत तर सांगणाऱ्याला प्रेमाने चहा पाजा आणि आरसीसीबी लावायला सांगा.

एमसीबी वायरच्या मापाने निवडायचा असतो. ‘सारखा पडतो’ म्हणून १६ च्या जागी ३२ चा टाकला की एमसीबी पडायचा थांबतो आणि वायर जळायला सुरुवात होते.

## बोर्ड कुठे, गिझर कुठे?

आंतरराष्ट्रीय मानकांत बाथरूमचे पट्टे आखलेले आहेत. शॉवर किंवा टबच्या जागेवर जमिनीपासून सव्वादोन मीटर उंचीपर्यंतचा भाग सगळ्यात धोक्याचा, आणि त्याच्या बाजूचा ६० सेंटिमीटरचा भाग त्याखालोखाल. सॉकेट या दोन्हींच्या बाहेर. आता मुंबई-ठाण्यातलं चार बाय सहा फुटांचं न्हाणीघर डोळ्यांसमोर आणा. या हिशेबाने अख्खी खोलीच पट्ट्यात येते.

म्हणून आपल्याकडे सोपा नियम बरा: बटणं दाराबाहेर. गिझरसाठी बाहेर डीपी स्विच, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारं बटण. साधं बटण एकच तार तोडतं. वायरमनकडून फेज-न्यूट्रल उलटे जोडले गेले असतील तर बटण बंद असूनही गिझरमध्ये फेज उभाच राहतो. आंघोळीआधी गिझर बंद करायची आजीची शिस्त योग्यच आहे, पण तिच्यामागे डीपी स्विच असेल तरच ती पुरती उपयोगी.

आत सॉकेट ठेवायचंच असेल, ट्रिमर किंवा ड्रायरसाठी, तर ते बेसिनपाशी, शॉवरपासून जमेल तितकं लांब, झाकणाचं आणि आरसीसीबीच्या लाइनवर. दिवा आणि पंख्यावर आयपीएक्स४ लिहिलेलं असेल तर त्यावर पाणी उडालं तरी चालतं. जागा नाही म्हणून वॉशिंग मशीन बाथरूममध्ये असेल तर तिलाही हीच लाइन हवी, दोन पिनांची एक्स्टेन्शन दारातून आत ओढलेली नको. गच्चीवरच्या सोलरला विजेची बॅकअप कॉइल असेल तर तिला विसरू नका. टाकी वर असली तरी पाणी तुमच्याच नळाला येतं, आणि तिची वायर वर्षानुवर्षं ऊन-पाऊस खात असते.

रॉडबद्दल एवढंच: प्लास्टिकच्या बादलीत तो बिघडला आणि त्याला अर्थिंग नसेल, तर पाण्यातली वीज जमिनीत जायला वाटच नसते. ती वाट तुमचा हात करून देतो. पाणी तापलंय का हे पाहायच्या आधी बटण बंद करा आणि पिनही काढा. गॅस गिझर घेतला म्हणजे सुटलो, असंही नाही. तिथे कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो आणि तो बंद न्हाणीघरात विजेइतकाच गुपचूप येतो.

## ‘आरसीसीबी सारखा पडतो, काढून टाकला’

हे वाक्य ऐकलं नाही असा वायरमन नसेल. कारण दोनपैकी एक असतं. एक, खरंच कुठेतरी गळती आहे: जुना गिझर, ओल आलेला बोर्ड, पावसात भिजणारा बाहेरचा दिवा. एकेक लाइन बंद करत गेलं की दोषी सापडतो. दोन, वायरिंगमध्ये न्यूट्रल एकमेकांत मिसळले आहेत. जुन्या घरांत एका खोलीचा फेज एकीकडून आणि न्यूट्रल दुसरीकडून घेतलेला असतो, किंवा इन्व्हर्टर बसवताना त्याचा न्यूट्रल मेनला परस्पर जोडून दिलेला असतो. मग वीज एका डबीतून जाते आणि दुसरीकडून परत येते. हिशेब जुळणार कसा?

पूर्ण घराचं वायरिंग सोडवणं शक्य नसेल तर घरभराचा हट्ट सोडा आणि गिझरच्या नव्या स्वतंत्र लाइनवर आरसीबीओ लावा. त्या लाइनचा फेज आणि न्यूट्रल दोन्ही कुठेही न मिसळता त्यातून गेले की तो उगाच पडत नाही. भाड्याच्या घरातही हे जमतं. भिंत न फोडता केसिंग-कॅपिंगमधून, म्हणजे भिंतीवर लावायच्या प्लास्टिकच्या पट्टीतून, लाइन काढता येते, आणि छोट्या बॉक्समधला आरसीबीओ घर सोडताना उघडून नेता येतो. घरमालकाला मात्र आधी विचारा. खर्चाचं म्हणाल तर चांगल्या कंपनीचा दोन पोलचा आरसीसीबी दोन-अडीच हजारांच्या आसपास येतो. शॉवरच्या एका भिंतीच्या टाइल्स याहून महाग पडतात.

## वायरमन निघायच्या आधी

काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून, किंवा निदान आयटीआय झालेल्या वीजतंत्री वा तारतंत्रीकडून करून घ्या आणि पैसे देण्याआधी त्याच्यासमोर थोडं उभं राहा. अर्थ टेस्टरचा आकडा स्वतः वाचा आणि बोर्डाच्या झाकणावर तारखेसह लिहून ठेवा. डीपी स्विच बंद केल्यावर गिझरकडच्या दोन्ही तारा मल्टिमीटरने तपासून घ्या. स्क्रूड्रायव्हरसारखा साधा टेस्टर फेजपुरताच दिवा लावतो. बोर्डातल्या प्रत्येक एमसीबीखाली कुठली लाइन आहे ते मार्करने लिहून घ्या, कारण रात्री गडबडीत ते कुणालाच आठवत नाही.

शेवटी आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबा. आतल्या आत खोटी गळती तयार होते आणि तो खटकन पडायला हवा. हे दर महिन्याला करायचं आहे. वीजबिल भरायच्या दिवशी केलंत तर लक्षात राहतं. हे बटण फक्त डबी जिवंत आहे एवढंच सांगतं, अर्थिंगबद्दल काही नाही. एखाद्या महिन्यात बटण दाबूनही तो पडला नाही, तर लाइट आहे ना हे एकदा पाहा, पुन्हा दाबा, आणि तरीही ढिम्म राहिला तर नवा आणा. तो उघडून दुरुस्त करत नाहीत. नवा बसेपर्यंत गिझर बंद.